दर्भाचा कावळा

मराठी माणसाला पक्षीनिरीक्षणाचं वावडं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा ओंकारेश्वराच्या घाटावर कोणाच्या तरी दहाव्याला उभं राहावं. पाच-पन्नास माणसं चपला काढून, माना एकाच दिशेला वळवून, फोन मुका करून एका पक्ष्याची वाट बघत असतात. मोठ्याने कोणी बोलत नाही. "जरा मागे सरका, तुमच्यामुळे येत नाहीये तो," असं एखादे काका दबक्या आवाजात म्हणाले की माणसं खरोखर मागे सरकतात. पुणेकर दुसऱ्याच्या सांगण्यावरून मागे सरकला, असा याखेरीज दुसरा प्रसंग माझ्या पाहण्यात नाही.

या निरीक्षणाला पक्षी एकच, पण अभ्यास दांडगा. कावळा पिंपळावर बसला, भिंतीवर आला, भाताकडे बघून त्याने मान वाकडी केली, पुन्हा भिंतीवर गेला. यातल्या प्रत्येक हालचालीचा अर्थ लावणारे जाणकार जागेवर हजर असतात. "धाकटीच्या लग्नात जीव अडकलाय." "छे हो, पानात दडपे पोहे नाहीत, ते बघतोय." मग घरातला थोरला पुढे होऊन हात जोडतो आणि धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ असं कबूल करतो. कावळा ढिम्म. मग बँकेतल्या ठेवीबद्दल काहीतरी पुटपुटलं जातं. तेव्हा येतो. शास्त्रीय पक्षीनिरीक्षकांना पक्ष्याच्या मनात इतकं खोल शिरता येत नाही. ते बिचारे पंखावरचे पट्टे मोजत बसतात.

आणि तास उलटूनही कावळा शिवलाच नाही, तर गुरुजींकडे तोड असते. दर्भाचा कावळा करायचा, तो पिंडाला लावायचा आणि कार्य झालं असं समजून जेवायला निघायचं. पक्षी बघायचा नाद लागल्यावर कळलं की ही सोय जगभर चालू आहे. पहाटे पाचला उठून, दोन बस बदलून गेलेल्या माणसाला हवा तो पक्षी दिसला नाही, की "झुडपात काहीतरी हललं, आवाजही बहुतेक त्याचाच होता" असं म्हणून तो यादीत टाकतो. हा दर्भाचाच कावळा. फक्त तो ई-बर्ड नावाच्या संकेतस्थळावर चढवतात.

त्यामुळे सप्टेंबर उजाडला की मी स्वारगेटजवळच्या एका कबरस्तानात पक्षी बघायला जातो, यात परंपरेला सोडून काहीही नाही. घरी हे पटलेलं नाही. "अहो, माणसं तिथे नाइलाजाने जातात. तुम्ही थर्मास भरून घेऊन जाता," असं आमच्या घरातून मत आहे.

कबरस्तान नेमकं कुठलं ते सांगणार नाही. स्वारगेटहून शंकरशेठ रस्त्याने कॅम्पाच्या अंगाला निघालं की भिंतीमागे जुनी झाडं दिसतात, एवढं पुरे. जागा लपवणं ही पक्षीनिरीक्षकांत रीतच आहे. घुबडाची ढोली कुठे आहे ते एकाला सांगितलं, की दुसऱ्या दिवशी त्या झाडाखाली वीस तिपाया आणि एक भुर्जीची गाडी उभी राहते.

स्वारगेटची बाकीची ओळख पुणेकराला करून द्यायला नको. एसटी, पीएमपी, रिक्षा, उड्डाणपूल आणि त्या सगळ्यांवर चढलेला "सातारा-कराड-कोल्हापूर" हा पुकारा. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस भुयारी मेट्रो इथवर आली आणि तेव्हापासून स्वारगेटला जिवंत माणसंही जमिनीखाली जायला लागली. पण त्यांना खाली गेल्यावरसुद्धा घोषणा ऐकाव्या लागतात, आणि दाराच्या मध्ये उभं राहू नका म्हणून बोलून घ्यावं लागतं. निवांतपणा मिळाला आहे तो आधीपासून खाली असलेल्यांनाच.

पक्ष्यांना हे बरोबर कळतं, आणि त्याला कारण आहे. लहान पक्षी स्थलांतर करतात ते बहुतेक रात्री. हवा गार असते, ससाणे झोपलेले असतात आणि वाट दाखवायला तारे असतात. पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही त्यांना अंदाज असतो. रात्रभर उडायचं, पहाटे मिळेल त्या हिरवळीत उतरायचं, दिवसा किडे खाऊन पोट भरायचं. आता आठ-दहा ग्रॅम वजनाचा एक वटवट्या रात्रभर पंख मारून दमलाय आणि पहाटे पावणेसहाला वरून स्वारगेट बघतोय, अशी कल्पना करा. डांबर, पत्रे, पाण्याच्या टाक्या, काचेच्या इमारती, होर्डिंगांचे झगझगीत चौकोन. आणि मध्येच एक अंधारा, गच्च तुकडा: वड, उंबर, करंज, पर्जन्यवृक्ष, चाफा आणि पायाशी माजलेली घाणेरी. रोषणाई नाही, डीजे नाही, जागेचं लग्नाचं लॉन व्हायची भीती नाही. मी वटवट्या असतो तर मीही तिथेच उतरलो असतो. शिवाजीनगरला गेलो नसतो.

पुण्यात झाड वाचवायचे खात्रीचे मार्ग दोनच. एक तर बुंध्याला देव टेकवायचा, नाहीतर सावलीत माणूस पुरायचा. पहिला उपाय रस्तारुंदीत कधीकधी फसतो, कारण देवाला समजूत घालून पलीकडच्या कोपऱ्यावर नेता येतं. पुरलेल्या माणसाची समजूत घालणं अजून कुठल्या खात्याला जमलेलं नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला माउंट ऑबर्न नावाचं १८३१ सालचं कबरस्तान आहे. मे महिन्यात दक्षिणेकडून परतणारे पक्षी तिथे उतरतात आणि त्यांना बघायला माणसं दुर्बिणी लावून रांगेने फिरतात. तिकडे हे प्रतिष्ठेचं मानतात. तिकडे वसंतातली गर्दी मोठी, आपल्याकडे शरदातली. आणि आपल्याकडे गेटवर मामा असतात.

मामांकडे एक वही आहे. ती उघडच एखाद्या हाउसिंग सोसायटीसाठी छापलेली असावी, कारण तिच्यात रकाने आहेत ते असे: नाव, गाडी नंबर, कोणाकडे, आत, बाहेर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा 'कोणाकडे'वर गाडी अडली.

"पक्षी बघायचेत," मी म्हणालो.

"ते बघा. पण कोणाकडे?"

शेवटी मी त्या रकान्यात 'वटवट्या' असं लिहिलं. मामांनी वही डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. "वटवटे... हे कुठल्या रांगेत?"

"रांगेत नाही मामा, उंबरावर असतात."

मामांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. या नोकरीत त्यांनी दुःखाचे सगळे प्रकार पाहिलेले असणार. स्वतःची प्लास्टिकची खुर्ची माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "बसा थोडा वेळ. बरं वाटेल."

आता त्यांना सवय झाली आहे. मी दिसलो की ते स्वतःच 'वटवटे' लिहून मोकळे होतात. फक्त जाताना 'बाहेर'चा रकाना भरायचा राहिला तर ओरडतात. "आत गेलेले सगळे आतच धरले तर आमचा हिशेब कसा लागायचा?"

गंमत अशी, की या पाहुण्यांच्या येण्याचा आणि पितृपक्षाचा मोसम एकच आहे. भाद्रपदाचा वद्य पक्ष बहुधा सप्टेंबरात पडतो. गच्चीच्या कठड्यावर कावळ्यासाठी पान ठेवून "काव काव" करणारी पिढी अजून शाबूत आहे, त्यामुळे त्या पंधरवड्यात आकाशाकडे बघणाऱ्यांचा शहरात तोटा नसतो. त्याच सुमाराला हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून करडा धोबी येऊन दाखल होतो. पाठ राखी, पोट पिवळं, शेपूट सारखं वर-खाली. कबरस्तानातल्या गळक्या नळाखाली जे डबकं साचतं, ती त्याची जागा. नळ दुरुस्त व्हावा म्हणून अर्ज गेला आहे असं मामा सांगतात. तो मंजूर होऊ नये अशी माझी प्रार्थना आहे, आणि पालिकेवर माझा विश्वास आहे.

हा धोबी म्हणजे संस्कृतातल्या खंजनाच्या कुळातला. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहिता लिहिली, तिच्यात या एका पक्ष्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. विषय काय, तर खंजन पहिल्यांदा दिसला की त्याचं फळ काय मिळतं. म्हणजे आज दुर्बीणवाले 'या मोसमातला पहिला' म्हणून जी नोंद मिरवतात, तिचा रकाना दीड हजार वर्षांपूर्वीच आखून झाला होता, आणि तोही फळासकट. गोड फळांच्या झाडावर, पवित्र तळ्याकाठी, हत्तीच्या डोक्यावर, राजवाड्यात किंवा बागेत दिसला तर उत्तम. चिखलात दिसला तर गोडधोड खायला मिळतं. हिरवळीवर दिसला तर कपडे मिळतात. घराच्या छपरावर दिसला तर पैसा जातो. आणि गाड्यावर बसलेला दिसला तर देश सुटतो.

हे वाचलं आणि आमच्या सोसायटीचं एक जुनं कोडं सुटलं. आमच्या पार्किंगमध्ये दर हिवाळ्यात धोबी येतात आणि गाड्यांच्या टपावर बसून आरशातल्या प्रतिस्पर्ध्याला चोच मारतात. ज्या ओळीत हे चालतं, त्या ओळीतल्या झाडून सगळ्या घरांतली मुलं आज जर्मनीत आहेत. पलीकडे स्कूटर लावणाऱ्यांची मुलं अजून हडपसरला आहेत, रविवारी जेवायला येतात. मी गाडीवर कव्हर घालायला सुरुवात केली आहे.

कबरस्तानाबद्दल मात्र वराहमिहिर काही आशा ठेवत नाही. हाडं, राख, स्मशान अशा ठिकाणी बसलेला खंजन दिसला तर मरण, रोग आणि भय. म्हणजे माझा दर वर्षीचा पहिला धोबी सरळ शेवटच्या खात्यात जमा. वर पुन्हा तो पिवळा. पिवळा खंजन दिसला तर क्लेश होतात असं त्याच अध्यायात स्वच्छ सांगितलं आहे, आणि इथे मात्र जगातला कुठलाही पक्षीनिरीक्षक वराहमिहिराच्या पाया पडेल. पिवळा धोबी नावाचा जो करड्याचा भाऊबंद आहे, त्याच्या इतक्या उपजाती आहेत, आणि हिवाळी पिसाऱ्यात त्या एकमेकींसारख्या इतक्या दिसतात, की त्यांची नावं ठरवताना भल्या माणसांची बोलाचाली बंद झालेली आहे. क्लेश हा शब्द फार सौम्य वाटतो.

तोडही ग्रंथातच आहे. अशुभ खंजन दिसला तर राजाने देव, गुरू, ब्राह्मण यांची पूजा करावी आणि सात दिवस मांस खाऊ नये. हे फारच स्वस्तात पडतं, कारण पितृपक्ष संपला की नवरात्र बसतं आणि आमच्या आळीतलं चिकनचं दुकान आपोआप ओस पडतं. राजाला एवढी चांगली सोय नव्हती.

पण या अध्यायातला मला सगळ्यात आवडलेला भाग वेगळाच आहे. खंजनांची जोडी जिथे मीलन करते तिथे जमिनीखाली धन असतं. खंजन जिथे ओकतो तिथे काच सापडते, आणि शिटतो तिथे कोळसा. यावर वराहमिहिराचं म्हणणं असं, की ज्याला कुतूहल असेल त्याने खणून बघावं. विश्वास ठेवा, असं तो म्हणत नाही. फावडं घ्या म्हणतो. मी हे मामांना सांगितलं आणि नळाजवळची जागा दाखवली. मामा म्हणाले, "इथं खणायचं तर मृत्यूचा दाखला लागतो. कोणाचा आणलाय?"

तसाही उपयोग नव्हता. करडा धोबी विणीचं सगळं उन्हाळ्यात उत्तरेला, थंड ओढ्यांच्या काठी उरकून मगच इकडे येतो. म्हणजे धन हिमालयात, आणि पुण्याच्या वाट्याला कोळसा.

धोब्यामागून येतो तो लाल छातीचा माशीमार. चिमणीहूनही लहान, तपकिरी, काळ्या शेपटीला दोन्ही बाजूंनी पांढरी किनार, आणि ती शेपूट उचलून "टर्रर्र" असा आवाज. लाल छाती पूर्ण वाढलेल्या नराचीच असते, आणि तीही गळ्यापासून थोडीशी. मादी आणि पोरं साधीच. त्यामुळे नवखा माणूस "लाल कुठाय, लाल कुठाय" करत दुर्बिणीतून शोधतो आणि समोरचा पक्षी त्याच्याकडे बघत बसतो. हा पक्षी पूर्व युरोपातल्या आणि रशियातल्या जंगलांत घरटं करतो. त्याच जंगलांतले इतर पुष्कळ पक्षी थंडीला आफ्रिकेत जातात. हा मात्र उलट्या दिशेला वळतो आणि भारतात येतो. जर्मनीच्या पूर्व भागातही त्याची वीण आहे. म्हणजे आमच्या सोसायटीतली पोरं गेली तिकडून हा आला. फरक एवढाच, की पोरं डिसेंबरात येतात, दहा दिवस राहतात आणि त्यातले आठ दिवस "इथे काय ट्रॅफिक झालंय" असं म्हणतात. हा सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, मार्च उजाडेपर्यंत राहतो, आणि स्वारगेटच्या ट्रॅफिकबद्दल आजवर त्याने तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही.

मग वटवटे. याबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण डॉक्टरांनी रक्तदाब सांभाळायला सांगितला आहे. हे सगळे मळकट हिरवे किंवा मळकट तपकिरी असतात, पानाआड असतात आणि एका जागी थांबत नाहीत. पर्णवटवट्याच्या पंखावर एक बारीकसा फिकट पट्टा असतो, त्यावरून ओळखावा असं पुस्तक सांगतं. तो पट्टा प्रवासात पिसं झिजल्यामुळे बरेचदा पुसला गेलेला असतो, हे तेच पुस्तक पुढच्या वाक्यात सांगतं. मग आवाजावरून ओळखायचा. त्यासाठी हल्ली फोनात ॲप मिळतं. माझ्या ॲपने एकदा सातारा रस्त्यावरच्या बसचा ब्रेक ऐकून मला एका खंड्याचं नाव सांगितलं, आणि वर "या भागात दुर्मीळ" असंही सांगितलं. हे दुसरं विधान मात्र चुकीचं आहे. तो ब्रेक या भागात अजिबात दुर्मीळ नाही.

या वटवट्यांतला एक साइक्सच्या नावाचा आहे. कर्नल साइक्स हा कंपनी सरकारचा फौजी अधिकारी. मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी जमवायच्या कामावर नेमलं, आणि माणसं, पिकं, हवामान मोजता मोजता त्याने पक्षीही मोजले. दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे १८३२ साली आली. सरकारी सर्वेक्षणाला निघालेला माणूस वाटेत झाडाकडे बघत उभा राहिला आणि त्यातून काहीतरी कायमचं शिल्लक राहिलं, असं आपल्याकडच्या कचेऱ्यांत फार वेळा घडलेलं नाही. त्याच्या नावाच्या वटवट्याला आधी दुसऱ्याच एका वटवट्याचा पोटप्रकार मानत. मग तज्ज्ञांनी वाटणी करून दिली. अशी वाटणी झाली की पक्षीनिरीक्षकाला घरबसल्या एक जात जास्त मिळते. भाऊबंदकीतून सगळ्यांचाच फायदा झाला, असं जगातलं हे एकमेव उदाहरण.

थोडे पक्षी इथे मुक्कामाला येतच नाहीत. पावसाळ्यात सह्याद्रीत पिल्लं वाढवून ऑक्टोबरात दक्षिणेला परतणारा नवरंग त्यांतला. एसटीच्या भाषेत ही विनाथांबा गाडी. पुण्यात फक्त पाणी प्यायला उतरते. पहाटे कधी काचेच्या इमारतीवर आपटून गुंगी आलेला नवरंग कोणाच्या तरी बाल्कनीत सापडतो, आणि मग ते घर दिवसभर "हा पोपट कुठल्या जातीचा" असं विचारत फोटो फिरवत बसतं. तो पोपट नसतो. खोक्यात घालून, दोन-तीन तास अंधारात आणि शांत ठेवला, तोंडात पाणी ओतलं नाही, तर बहुतेक वेळा तरतरी येऊन संध्याकाळपर्यंत उडून जातो.

फोटो फिरवण्यावरून आठवलं. मागे एकदा चाफ्याच्या झाडावर लांब पांढऱ्या शेपटीचा नर बसलेला दिसला. आनंदाच्या भरात मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: "स्वर्गीय नर्तक. कबरस्तान, स्वारगेट. सकाळी ७.१०." पाच मिनिटांत सांगलीच्या आत्याने हात जोडले. मग नाशिकहून "ॐ शांती". मग "कोण हो? तमाशात होते का?" त्यानंतर एका मावसभावाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलेलं, मेणबत्ती हलणारं चित्र टाकलं आणि खाली विचारलं, "फुलं कुठे पाठवायची?"

ऑक्टोबर सरत आला की कबरस्तानावर संकट येतं. २ नोव्हेंबरला ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो. घरोघरची माणसं झाडू, बादल्या, चुना, फुलं घेऊन येतात आणि आपापल्या माणसांच्या कबरी स्वच्छ करतात. त्याआधी आठवडाभर गवत कापायचं काम चालतं. सहा आठवडे जिवाचं रान करून जे वटवटे ओळखीचे झालेले असतात, त्यांचं रान दोन माणसं विळ्याने दोन दुपारी साफ करतात. नीटनेटकेपणा हा पक्षीनिरीक्षकाचा शत्रू आहे. खडकीला महायुद्धातल्या सैनिकांचं कबरस्तान आहे, राष्ट्रकुलाचा आयोग त्याची निगा राखतो. तिथली हिरवळ बघून मान लवते, पण घाणेरीचं एक झुडूप मिळेल तर शपथ. धोब्यांची तिथे चंगळ. वटवट्याने मात्र बसायचं कुठे?

त्या दिवशी आमच्या शांत कबरस्तानात भाजी मंडईइतकी माणसं असतात. पुष्कळ कबरींवर मराठीत नावं आहेत. थर्मास घेऊन येणारा मी एकटाच नाही, हेही त्या दिवशी कळतं. एका वर्षी मी दुर्बीण पिशवीत घालून बाजूच्या कट्ट्यावर बसलो होतो. जवळच एक वयस्क मावशी संगमरवराचा क्रूस फडक्याने पुसत होत्या. "कोणाचं करायला आलात?" त्यांनी विचारलं. आता काय सांगणार? म्हटलं, पक्षी बघतो.

"मग तो बघितला का? ह्यांच्या क्रूसावर बसतो तो. काळा, खाली तांबडा. शेपूट कापतं त्याचं थंडी वाजल्यासारखं. ऑक्टोबर लागला की येतो, होळी झाली की जातो. हे गेल्यापासनं दर वर्षी."

हे थिरथिऱ्याचं वर्णन. पुस्तकात याहून जास्त काही लिहिलेलं नाही, आणि शेपटीबद्दल इतकं बरं तर नाहीच. थिरथिरा मध्य आशियातून आणि हिमालयाच्या बाजूने येतो, हिवाळ्यापुरता एक तुकडा आपला म्हणून धरतो आणि दुसऱ्या थिरथिऱ्याला तिथे फिरकू देत नाही. परतून जुन्याच जागी येण्याची सवयही पुष्कळ स्थलांतरी पक्ष्यांना असते. पायात कडी घातलेले धोबी वर्षामागून वर्षं त्याच हिरवळीवर आल्याच्या नोंदी आहेत.

माझ्यासोबत त्या दिवशी छंदातले आणखी दोघं होते. त्यातल्या एकाने लगेच घसा खाकरला. "मावशी, दर वर्षी तोच असतो हे कडी घातल्याशिवाय शास्त्रीयदृष्ट्या सांगता येत नाही. लहान पक्ष्याचं आयुष्य बघता..." दुसऱ्याने त्याला कोपर मारलं.

मावशींचा क्रूस पुसून झाला, त्यांनी फडकं पिळलं. "कडी कशाला? मला ओळखतो तो," त्या म्हणाल्या. "मी आले की उडत नाही. तुम्ही या बरं जवळ. बघा कसा उडतो."

आम्ही तिघं उभे राहिलो, आणि मागच्या दगडावरून काहीतरी काळं-तांबडं भुर्रकन उडालं. घसा खाकरणाऱ्याने ते निमूटपणे यादीत लिहिलं. मावशींनी आम्हाला डब्यातला केक दिला.

तेव्हा सांगायचं ते असं. दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालीम अलींचा. त्या आठवड्यात तुम्हाला कुणीतरी भिगवणला किंवा कवडीला चला म्हणेल, जरूर जा. पण दूरचं जमत नसेल तर घराजवळच्या कुठल्याही कबरस्तानात, ते कोणाचंही असो, परवानगी मागून सकाळी साडेसहाला जा. भडक कपडे नकोत. फोनवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना बोलवू नका. रात्रभर उडून आलेल्याला खोट्या भांडणाला बाहेर काढणं बरं नाही. कबरीवर पिशवी ठेवू नका, चढून फोटो तर काढूच नका. अंत्ययात्रा आत आली तर दुर्बीण खाली करून बाजूला उभे राहा, मग समोर साक्षात नवरंग नाचत असला तरी. न दिसलेला पक्षी यादीत घालू नका. दर्भाचा कावळा गुरुजींनाच शोभतो. आणि गेटवरच्या माणसासाठी चहा न्या. आमच्या मामांना बिनसाखरेचा लागतो.